दहा पैशांनी खाली

शेळगी, सोलापूर
१८ जानेवारी २०२४

अक्का,

तुझ्या पाया पडून लिहायला बसलेय. तुझा डावा कानही गेला असं तुझा विरेश फोनवर म्हणाला, तेव्हा मला काही सुचेना. मग म्हटलं, ठीक आहे, आता आपण बहिणी कागदावर बोलू. नाही तरी फोनवर तू माझं कधी पुरतं ऐकून घेतलंस? कागदावर तुला मध्येच तोडता यायचं नाही.

आता कामाचं. माझी कडक भाकरी इतकी वर्षं ज्यांच्या कॅन्टीनांना जाते ना, त्या पुण्याच्या कंपनीनं कोटेशन मागवणं बंद केलंय. यंदापासून रिव्हर्स ऑक्शन. उलटा लिलाव म्हण. तुमच्या दुधनीच्या यार्डात तुरीचा लिलाव होतो तेव्हा घेणारे पुष्कळ असतात आणि भाव चढत जातो. इथं घेणारा एकच, विकणारे पुष्कळ, आणि भाव उतरत जातो. सगळ्यांत खाली जो गेला त्याला ऑर्डर. कुठं जायचं नाही, आपापल्या घरी कॉम्प्युटर उघडून बसायचं.

त्यांच्याकडं खरेदी बघायला नवा साहेब आलाय, अद्वैत म्हणून. पोरगाच आहे, पण बोलायला गोड. मला बराच वेळ समजावत होता. म्हणाला, "मावशी, पूर्वी एका वस्तूचा भाव ठरवायला आम्हाला महिना लागायचा. ढीगभर फोन, घासाघीस, त्यात कोण कुणाच्या ओळखीचा. आता तासाभरात मोकळे. स्क्रीनवर त्या घडीचा सगळ्यांत कमी भाव दिसतो, तेवढंच. तो तुमचा असला तर हिरवा, दुसऱ्याचा असला तर लाल. कुणाला कुणाचं नाव दिसत नाही." खरं सांगू, मला पटलं. आधीचा साहेब दर दिवाळीला पाकीट घ्यायचा, वर भाकरीची पेटी मागायचा ती वेगळीच. ह्या मशीनला पाकीट लागत नाही. आणि माझ्यासारख्या चार बुकं शिकलेल्या बाईला कुणाच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहावं लागत नाही.

पण किमान तीन विकणारे नोंदलेले लागतात. एक मी. दुसरा तो हैदराबाद रोडचा मशीनवाला, यंत्रावर भाकऱ्या काढतो तो. तिसरी तू हो. आजवर तू माझ्यासाठी तुझ्या नावाचं कोटेशन द्यायचीस, माझ्यापेक्षा चार आणे चढवून, आणि तू शाळेला भाकरी देतेस त्या ऑर्डरीला मी द्यायची. तसंच हे. पहिला भाव टाकायचा आणि गप्प बसायचं. यात थोडी लबाडी आहे, कळतं मला. पण सगळा बाजार असाच चालतो, आपणच कुठं सोवळं नेसून बसायचं?

ही ऑर्डर गेली तर शेड बंद करावी लागेल, अक्का. एवढं मोठं दुसरं गिऱ्हाईक माझ्याकडं नाही. निंगव्वा आणि भाकरी थापणाऱ्या सगळ्या बायका माझ्या भरवशावर आहेत.

तुझी
सिद्धू


दुधनी
२२ जानेवारी

सिद्धू,

जोंधळ्याच्या टेम्पोवाल्यानं पत्र आनून दिलं. मी तुला मधी तोडते म्हनं! तू बोलाय लागलीस की मानूस जेवून हात धुवून येतंय तरी तुझं चालूच. कान गेलं त्ये एका अर्थी बरंच झालं, समोरच्याचं ओठ बगून कळतंय तेवढं पुरं.

विरेशनं तुझ्या त्या लिलावाचा फारम भरला. अय्यो, किती मागतेत गं त्ये! चुलीचा फोटो, तव्याचा फोटो, पान्याच्या टाकीचा फोटो. माझ्याकडं थापाय येती त्या फुलाबाईला म्हनलं चुलीम्होरं बस, तर ती आत जाऊन लग्नातलं लुगडं नेसून आली. तसाच फोटो गेला पुन्याला. अनामत पन भरलीया. ती परत मिळती म्हनतो विरेश, खरं का?

तू कशाला घाबरतीस, मी हाय की. कोटेशन दिलं तसं ह्ये पन दीन. पन एक सांग. तुला खरंच कितीला परवडतंय? मला फसवू नको, ल्हानपनी आपल्या अव्वाला फसवत हुतीस तसं. तुझा आकडा ठाऊक असला म्हंजे मी त्याच्या वर ऱ्हाते.

आनि त्यो मशीनवाला कसला मानूस हाय? यंत्राची भाकरी म्हंजे निस्ता पुठ्ठा. तुझी ऑर्डर त्याच्या घशात गेली तर माझं डोस्कं फिरंल, आताच सांगून ठेवते.

अक्का


शेळगी
३० जानेवारी

अक्का,

अनामत परत मिळते. ऑर्डर मिळूनही जो ती करत नाही त्याचीच बुडते, आणि कंपनी पुन्हा त्याला दारात उभं करत नाही. तुला कुठं ऑर्डर मिळायचीय, तू निर्धास्त राहा.

आकडा विचारलास. सध्या भाकरीला आठ रुपये चाळीस पैसे मिळतात. मी साडेसातपर्यंत उतरेन. त्याच्या खाली एक पैसा नाही, लिहून ठेव. बायकांची मजुरी कापून भाकरी विकायची वेळ आली तर तवे पालथे घालीन.

सहा फेब्रुवारीला सकाळी अकराला आहे. काल अद्वैत साहेबांनी सराव घेतला, खोटा खोटा लिलाव. नऊ रुपयांपासून सुरुवात. पहिला भाव कितीही टाका, पुढं मात्र त्या घडीच्या सगळ्यांत कमी भावाच्या निदान दहा पैसे खाली यावं लागतं. शेवटच्या तीन मिनिटांत कुणी खाली आलं की घड्याळ आणखी तीन मिनिटं पुढं सरकतं, म्हणजे दुसऱ्याला उत्तर द्यायला सवड मिळते. आणि लिलाव चालू असताना विकणाऱ्यांनी एकमेकांना फोन करायचा नाही असं बजावलंय.

निंगव्वा मागं उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "बाई, भाकरी हातात घेऊन मोडल्याबिगर भाव कसा काय सांगतेत ह्ये?" मी म्हटलं, वजन, रुंदी, किती दिवस टिकते, सगळं त्यांनी लिहून घेतलंय. तिला काही ते पटलं नाही.

तू फक्त साडेआठ टाक आणि हात बांधून बस. काहीही दिसलं तरी हात लावू नकोस.

सिद्धू


शेळगी
६ फेब्रुवारी

अक्का,

गेली. ऑर्डर गेली.

आता दुपारचे दोन वाजलेत. बायका जेवायला बसल्या नाहीत, मी पण नाही. कुणाला सांगू म्हणून तुला लिहितेय.

पहिला अर्धा तास नीट चाललं होतं. तो खाली यायचा, मी खाली यायची. माझं साडेसात हिरवं झालं आणि मी म्हटलं, आता बाई देवाला हात जोड. शेवटच्या मिनिटाला लाल झालं. सात-चाळीस. मी हात काढून घेतला, खरंच काढून घेतला. तेवढ्यात बघते तर सात-तीस. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी विचारलं नाही, पुसलं नाही, आणि हा मेला आपणहून आणखी खाली चाललाय, मला खिजवायला! म्हटलं, एकदाच टाकून बघू, थांबेल. सात-वीस टाकलं. तर तो सात-दहा. प्रत्येक वेळी घड्याळ संपता संपता, अगदी शेवटच्या श्वासाला. माझी बोटं माझी राहिली नाहीत. निंगव्वा मागून म्हणाली, "टाका की आनखी धा पैसं, आमच्या मजुरीतलं घ्या." तिनं तसं म्हटल्यावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. सहा-वीसपर्यंत गेले अक्का, सहा-वीस! त्याला सहा रुपये दहा पैशांना मिळाली. त्या भावात जोंधळा, जळण नि मजुरी कशी बसवणार आहे तो?

तळपट होवो त्याचं. त्याच्या घरात चूल पेटू नये. एवढ्या बायकांच्या तोंडचा घास काढला, त्याला पचू नये.

तू निदान गप्प बसलीस, माझं ऐकलंस. तेवढंच एक आज बरं झालं.

सिद्धू


दुधनी
६ फेब्रुवारी

सिद्धू,

मिळवली! तुझी ऑर्डर मी मिळवली गं!

विरेश फोन लावत हुता तुला. मी म्हनलं खबरदार, ह्ये मी माझ्या हातानं लिहिनार. पेढं आनाय पाठवलंय त्याला.

ऐक. तू म्हनलीस तसं साडेआठ टाकलं आनि बसले बगत. भाव उतरतोय, उतरतोय. साडेसात झालं. विरेशला म्हनलं, ही सिद्धू, आता थांबनार. आनि बगते तर सात-चाळीस. तवाच मला कळलं, ह्यो त्यो पुठ्ठेवाला. तू तर एक पैसा खाली न्हाय म्हनून लिहिल्यालं. म्हंजे तुझा हात मागं गेला आनि त्यो ऑर्डर घिऊन चालला. मला काय बसवंना. विरेशला म्हनलं, टाक धा पैसं कमी. त्यो म्हनला, आई, मावशीनं गप बसाय सांगितलंय. मी म्हनलं, मावशी तिकडं रडत बसली आसंल, तू टाक!

लई चिवट मानूस. मी टाकलं की त्यो टाकायचा. मग मी युगत केली. घड्याळ संपत आलं की मगच दाब म्हनलं, म्हंजे त्याला वाटावं सुटलं आपन. सहा-वीसला त्यो थांबला. आमचं सहा-धा हिरवं झालं त्ये हिरवंच ऱ्हायलं. लई वर्सांनी मी मोठ्यांदा हसले, फुलाबाई सांगती, मला कुटं ऐकाय येतंय.

भाव जरा खाली गेलाय, व्हय. पन मिळून काडू की. आता तू नेहमीसारख्या भाकऱ्या कर, माझ्या नावानं जाऊ दे. तुझी शेड तुझ्या बायका, काय बदलत न्हाय. रडू नको आता.

अक्का


शेळगी
९ फेब्रुवारी

अक्का,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं वाचलं नसशील तर वाचू नकोस, चुलीत घाल.

अद्वैत साहेबांना फोन केला होता. नावं सांगत नाहीत ते, पण एवढं म्हणाले, "मावशी, सात-चाळीसनंतर दोघंच उरले होते." मशीनवाला सात-चाळीस टाकून उठून गेला. पुढं तू आणि मी. सात-चाळीसचं सात-तीस कुणीच उत्तर न देता झालं, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला. मला वाटत होतं तू गप्प बसलीयस. तुला वाटत होतं मी थांबलेय.

साहेब खुश आहेत. म्हणाले, इतकी बचत या वर्षी दुसऱ्या कुठल्याच मालात झाली नाही.

भाकऱ्या मी करून तुझ्या नावानं पाठवायच्या, ते होत नाही. विचारलं मी. ज्या चुलीचा फोटो दिला त्याच चुलीवरची भाकरी पाहिजे, करारात लिहिलंय. म्हणजे तुला दुधनीतच करावी लागणार, सहा महिने, सहा रुपये दहा पैशांना. सोडलीस तर अनामत जाईल आणि नाव काळ्या यादीत. तुला जमणार नाही ते. मला माहीत आहे, कारण मलाही जमलं नसतं.

माझ्या शेडमध्ये आता दोन चुली चालू आहेत. शेंगाचटणी कुटतो, किरकोळ दुकानांना भाकरी देतो. बाकीच्या बायकांना मी घरी बसा म्हणून सांगितलं. निंगव्वानं विझलेल्या चुलींची राख काढून ठेवली.

मला तुझा राग आलाय, अक्का. लिहायचं नव्हतं, पण आलाय. मी तुला हात लावू नकोस म्हटलं होतं. तुला लहानपणापासून माझं प्रत्येक भांडण आपल्या अंगावर घ्यायची खोड आहे, आणि दर वेळी मार मी खाते.

सिद्धू


दुधनी
१२ फेब्रुवारी

सिद्धू,

तुझं पैलं पत्र मी आदी वाचलं, दुसरं मागनं आलं. टेम्पोवाला एकच फेरी दोनदा मारतोय.

पैल्या पत्रात चूल पेटू नये म्हनलीस ती माझी चूल. ठाऊक नसताना म्हनलीस, मला कळतंय. पन त्यो कागद मी पदराखाली घातला. विरेशनं विचारलं काय लिहिलंय मावशीनं, मी सांगितलं, तब्येत बरी न्हाय तिची.

ऑर्डर मी सोडनार न्हाय. माझ्या हातनं झालंय, मीच निस्तरते. 

अक्का


दुधनी
१४ जून

सिद्धू,

चार म्हैनं झालं तुझं अक्षर न्हाय. टेम्पोवाल्याला विचारलं तर मान हलवतो. आता त्यो मला बगितलं की टेम्पो लांब लावतो.

मी बरी हाय. ऑर्डर चालू हाय. पैल्यांदा मजुरी जेवढ्याला तेवढीच दिली, दोन म्हैनं दिली. मग न्हाय जमलं. फुलाबाईला म्हनलं, भाकरी जरा पातळ थाप. तिनं माझ्याकडं असं बगितलं! म्हनली, "बाई, पातळ थापली की तव्यावरनं काडताना मोडती." मी म्हनलं मोडू दे. माझ्या तोंडातनं गेलं त्ये. दुसऱ्या दिवशी ती आलीच न्हाय. तिच्या मागनं दोघी गेल्या. आता मी स्वता थापते, सून थापती, आनि एक दुधाळ गल्लीतली नवी पोरगी हाय तिला पीठ मळाय पन येत न्हाय.

पुन्यास्नं कागद आला. तुमची भाकरी तुटती, पेटीत चुरा निगतो. सिद्धू, माझी भाकरी तुटती असं आजवर कुनी म्हनलं न्हवतं गं. आपल्या अव्वाच्या हाताखाली शिकलेली भाकरी. मी त्यो कागद विरेशला फाडाय लावला.

शाळेची ऑर्डर पन गेली. ह्या भाकऱ्या पुऱ्या करताना तिकडं दोनदा उशीर झाला. आता ही पुन्याचीच काय ती हाय, ऑगस्टात संपती.

एक आनंदाचं सांगते. तुझा साहेब म्हनला विरेशला, आमचं पन चुकलं, भाव लई खाली गेला की माल खराब येतो. म्हनून आता वजन जास्त मागनार, तुटलेली परत पाठवनार आनि सुरवात आठ रुपयाला करनार. सहा ऑगस्टला पुन्ना लिलाव हाय. ह्या वेळी विकनारे पाच हाईत, माझी गरज न्हाय. तू बस. मी त्या दिवशी मशीन उघडनारच न्हाय. सिद्धरामाची आन घेऊन सांगते, उघडनार न्हाय. ऑर्डर तुझी हुती, तुझ्याकडंच जाऊ दे.

दोन ओळी तरी लिही.

अक्का


शेळगी
२१ जुलै

अक्का,

लिहायला घ्यायची आणि ठेवून द्यायची, असे पाच महिने गेले. तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. फुलाबाईचं वाचून वाईट वाटलं. लुगडं नेसून फोटोला बसलेली तीच ना?

माझा राग कधीच गेला. मागं उरलं ते काय आहे, मला नाव देता येत नाही. तुझी आठवण आली की मन भरून येतं आणि त्याच वेळी तोंड कडू होतं. तुला खोटं कशाला लिहू.

हो, साहेबांचा मलाही मेल आलाय. आठपासून सुरुवात. मी सगळा हिशेब पुन्हा बसवला. जोंधळा सुगीतच भरून ठेवला, जळणाला लाकडाऐवजी भुश्शाच्या विटा घेतल्या. मजुरीला हात न लावता या वेळी मी पावणेसातपर्यंत जाऊ शकते. निंगव्वानं घरोघरी जाऊन बायकांना विचारलं, सगळ्या परत यायला तयार आहेत. शेडचा मालक म्हणाला, सहा ऑगस्टपर्यंत थांबतो, नाही जमलं तर सात तारखेला किल्ली द्या, मला गोडाऊनला गिऱ्हाईक आहे. म्हणजे या वेळी इकडं किंवा तिकडं.

शाळेची ऑर्डर गेली म्हणतेस. मग ऑगस्टनंतर तू काय करणार? त्याबद्दल एक अक्षर नाही तुझ्या पत्रात. आन घेतलीस, मी मागितली नव्हती. पण घेतली आहेस तर पाळ. तुझ्याशी पुन्हा भांडायची ताकद माझ्यात नाही.

सिद्धू


शेळगी
७ ऑगस्ट

अक्का,

ऑर्डर तुला मिळाली, बरं झालं. मनापासून लिहितेय.

काल अकराला बसले. साडेसातपर्यंत बाकीचे गळाले, असं वाटलं. भाव जागच्या जागी थांबला, माझाच होता, हिरवा. घड्याळात थोडे सेकंद उरले आणि लाल झालं. दहा पैशांनी खाली. मी उत्तर दिलं. पुन्हा तसंच, घड्याळ संपता संपता. ती पद्धत मी कशी विसरेन? फोन करायचा नाही हा नियम मोडून मी विरेशला फोन लावला. उचलला नाही. परत लावला, तर कापला. विरेशनं माझा फोन आजवर कधी कापलेला नाही. तेव्हा माझी खात्री पटली.

माझा भाव सात-तीस होता, तुझा सात-वीस आला. सात-दहा टाकायला बोट ठेवलं होतं. निंगव्वा म्हणाली, "दाबा की, अजून लांब हाय आपलं." लांब होतंच. पावणेसातपर्यंत माझी तयारी होती. पण मला तू दिसायला लागलीस. त्या नव्या पोरीबरोबर तव्यापुढं बसलेली, शाळेची ऑर्डर गेलेली, हातात दुसरं काही नसलेली. म्हटलं, गेल्या वेळी दोघी मेलो. या वेळी एक तरी जगू दे. मी बोट उचललं आणि घड्याळ संपेपर्यंत बघत बसले. निंगव्वाला सांगितलं, अक्का आहे ती, राहू दे तिला. ती उठून बाहेर गेली.

शपथ मोडलीस म्हणून माझ्या मनात काही नाही. पोटापुढं माणूस काय करील? मी पण मोडली असती. मी तुला माफ केलंय, तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. सात-वीस चांगला भाव आहे, नीट जाड भाकरी कर, फुलाबाईला परत बोलाव.

किल्ली आज सकाळी दिली. बायकांचा हिशेब चुकता केला. निंगव्वा मुलीकडं सांगोल्याला जाते म्हणाली. माझे तवे याच टेम्पोत घालून पाठवलेत, आता तुला जास्त लागतील. चांगले तापलेले, मुरलेले तवे आहेत, भंगारात घालवेनात.

सिद्धू


दुधनी
९ ऑगस्ट

सिद्धू,

काल टेम्पोवाल्यानं अंगनात तवे उतरवले. मला वाटलं दुसऱ्या कुनाचं सामान चुकून आनलं. मी त्याला वरडत हुते आनि त्यो हातानं खुना करून पत्र दाकवत हुता.

मी मशीन उघडलं न्हवतं गं.

मंगळवारी सकाळधरनं मी देवळात बसून हुते. तितं बसले की हात कशाला लागत न्हाईत म्हनून. विरेश यार्डात हुता, ठेवनीतली तूर इकाय काडलीया, भाव बोलत हुते. फोन वाजला तर त्यानं न बगताच कापला. मागनं तुझं नाव बगितलं आनि घरी आल्यावर मला खुनंनं सांगितलं, मावशीचा फोन हुता. मी म्हनलं, ऑर्डर मिळाली म्हनून करत आसंल. आमी दोघं हसलो.

तुझं पत्र वाचल्यावर विरेशला त्या साहेबाला फोन लावाय लावला. त्याला सगळं सांगितलं. मग म्हनला, मशीनवाल्याला दिली, कालच सही झाली, आता माझ्या हातात न्हाय. मावशींनी आनखी एकदा दाबलं असतं तर त्यांचीच हुती, त्यो मशीनवाला सात-वीसच्या खाली जायाला तयार न्हवता, त्यानंच नंतर सांगितलं.

ऑर्डर माझ्याकडं न्हाय सिद्धू. तुझ्याकडं पन न्हाय. मी तुझ्यासाठी देवळात बसून ऱ्हायले आनि तू माझ्यासाठी बोट उचललंस.

सगळ्यांत वाईट काय वाटलं सांगू? तू माझ्यावर शपथ मोडल्याचा आळ घेतलास आनि वर मला माफ पन केलंस. शिव्या घातल्या असत्यास तर सोसलं असतं. ही माफी मला गिळवत न्हाय. एकदा मी चुकले, पन तुला फसवलं न्हवतं. इतक्या वर्सांची भन मी तुझी, आनि त्या डब्यात लाल दिसलं की तुला मीच दिसले. पन तुला तरी काय बोलू. मागच्या वेळी मीच हुते की तितं.

घरात आता ऑर्डर न्हाय, फुलाबाई न्हाय, सून माहेरी गेलीया. तवे अंगनातच हाईत. मला एकटीला उचलवत न्हाईत, आनि आत घ्यायाचं मन पन हुईना.

टेम्पोवाला उद्या सकाळी सोलापूरला निगतोय. तवे परत न्यायचं का म्हनून विचारतोय, दोनदा यिऊन गेला. त्याला काय सांगू?

अक्का